सप्ताहाच्या मांडवात एक तास अक्षरांसाठी द्या

गावोगावच्या सप्ताह कमिट्या, देवस्थानांचे विश्वस्त, भजनी मंडळं आणि कीर्तनकार महाराज मंडळी यांना,

सप्रेम रामकृष्ण हरी.

पाच वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सप्ताहात मी पारायणाला बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेऊन नुकतीच निवृत्त झाले होते आणि सातही दिवस सलग बसायला मला पहिल्यांदाच मिळत होतं. माझ्या उजव्या हाताला आमच्याच आळीतल्या एक वहिनी होत्या, साठीच्या. पुढ्यात ठवणीवर ग्रंथ, डोक्यावर पदर, ओळीवर बोट. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी पान उलटलं की त्या उलटतात. माझं बोट ओळीच्या शेवटाला गेलं की त्यांचं जातं. मी पाणी प्यायला उठले, तर त्यांचं बोट होतं तिथेच थांबलं. परत येऊन मी ओव्या शोधून धरल्या, तेव्हा ते पुढे सरकलं. मी काही बोलले नाही. समाप्तीच्या दिवशी ग्रंथाची पूजा झाली, वहिनींनी ग्रंथ डोक्याला लावला आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळं झालं माझं पारायण."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

या वहिनींना हरिपाठ तोंडपाठ आहे. सत्तावीसच्या सत्तावीस अभंग. मध्येच कुणी अडखळलं तर पुढचा चरण त्याच उचलून देतात. काकड्याचे अभंग पाठ, गौळणी पाठ, आरत्या पाठ. मी एवढी शिकलेली, पण मला पुस्तक लागतं, त्यांना लागत नाही. आणि त्यांच्या तोंडात असलेली हीच ओळ कागदावर लिहून समोर धरली, तर ती कुठली हे त्यांना सांगता येत नव्हतं. आमच्या एका गावात अशा चाळीसच्या वर बाया निघाल्या. पुरुष निघाले ते वेगळे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांपुढच्या दर शंभर बायकांमागे चोवीस निरक्षर होत्या आणि शंभर पुरुषांमागे बारा. त्यातल्या पुष्कळशा आपल्याच मांडवात बसतात. पहिल्या रांगेत बसतात, टाळ वाजवतात, पंगतीला वाढतात, पहाटे चारला काकड्याला येतात.

म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे. सप्ताहाच्या कार्यक्रमात दुपारचं प्रवचन सुरू व्हायच्या आधीचा एक तास अक्षरांसाठी ठेवा. आणि सप्ताह उठला, मांडव सुटला, तरी देवळाच्या आवारातली एक जागा वर्षभर संध्याकाळी त्या कामासाठी मोकळी ठेवा.

तुम्ही म्हणाल, सरकारचे वर्ग आहेत की. आहेत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यात माझेच सहकारी राबतात. 'उल्लास' म्हणून ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आहे. पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही शिकता येतं, शिकवायला स्वयंसेवक असतात, शेवटी दीडशे गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. पास झालं की प्रमाणपत्र. हे चांगलं आहे. पण त्याची पहिली पायरी म्हणजे दारात जाऊन विचारायचं, "तुमच्या घरात निरक्षर कोण आहे?" मी स्वतः नोकरीत असताना अशी सर्वेक्षणं केली आहेत. सासू चुलीपुढे बसलेली असते आणि सून सांगते, आमच्यात कुणी नाही. सासूच्या अब्रूसाठी खोटं बोलते बिचारी. सासूही मान हलवते. आपण वहीत शून्य लिहून पुढच्या दाराला जातो. त्या शब्दाखाली स्वतःचं नाव लिहून घ्यायला कुणाला आवडेल? घर सांभाळलं, चार पोरं मोठी केली, म्हातारपणी गळ्यात माळ घातली, आणि आता शाळेच्या बाकावर नातवाच्या जागी बसायचं?

देवळात हा प्रश्नच पडत नाही. आम्ही वर्ग सुरू केला तेव्हा 'साक्षरता' हा शब्द कुठेच काढला नाही. हरिपाठ संपल्यावर मी एवढंच विचारलं, "उद्यापासून अर्धा तास पुस्तकात बघून हरिपाठ म्हणायचा का?" दुसऱ्या दिवशी अकरा जणी थांबल्या. ज्या वहिनींमुळे हे सुरू झालं, त्या सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या. श्रद्धेची ही ताकद शासनाच्या कुठल्याही परिपत्रकात नाही. ती तुमच्याकडे आहे. तुम्ही हाक दिली की माणूस लाज घरी ठेवून येतो.

आता शिकवण्याचं सांगते, कारण माझा जीव त्यात आहे.

लहान मुलाला आपण ग म भ न पासून नेतो. मोठ्या माणसाला तसं नेलं की तो आठ दिवसांत उठून जातो, कारण 'गमभन' म्हणजे त्याच्या दृष्टीने काहीच नाही. पण 'हरि मुखे म्हणा' म्हणजे त्याचं सगळं आयुष्य आहे. आम्ही हीच ओळ फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. ओळ तोंडात आधीच आहे, तेव्हा बोट आणि जीभ यांची जोडी लावणं एवढंच काम उरतं. 'हरि' म्हणताना बोट 'हरि'वर, 'मुखे' म्हणताना 'मुखे'वर. पहिले चार दिवस बोट पुढे पळायचं नाहीतर मागे राहायचं. पाचव्या दिवशी एका आजींचं बोट बरोबर 'म्हणा'वर थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि पुढचा 'हरि' स्वतः शोधला. तोच शब्द, त्याच ओळीत दुसऱ्यांदा आलेला. "ह्यो बी त्योच!" एवढंच म्हणाल्या. एकतीस वर्षांत मी किती मुलांना वाचायला शिकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. पण असा चेहरा मी पाहिला नव्हता.

यात एक फसगतही आहे, आणि वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाला ती आधी कळलेली बरी. महिनाभरात माझ्या बायका पानच्या पान 'वाचू' लागल्या आणि मी हुरळून गेले. मग एकदा एसटी स्टँडवर त्यांतल्याच एकींना विचारलं, पाटीवर काय लिहिलंय? एक अक्षर आलं नाही. पाठ असलेलं त्या म्हणत होत्या, वाचत नव्हत्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती. तिथून पुढे आम्ही ओळी कापल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहायचा, पत्ते पिसतात तसे पिसायचे आणि ओळ जुळवायची. जुळली की त्यातला एक शब्द उचलून देवळाबाहेर न्यायचा. 'पुण्याची गणना कोण करी' यातली 'गणना' घेतली आणि पुढे 'जन' जोडलं. झाली जनगणना. 'पुण्याची' हा शब्द घेतला, आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेल्यावर एकजण ओरडलीच, "बाई, ही पुण्याची!" पाटीवर 'पुणे' होतं. सगळ्या जणी हसल्या. तिला मात्र त्या क्षणी हे कळलं होतं, की हरिपाठातली अक्षरं आणि एसटीवरची अक्षरं एकच आहेत. हा पूल बांधला गेला नाही, तर देवळातला वर्ग देवळातच राहतो. बांधला गेला, तर बाई गावाच्या वेशीबाहेर एकटी जाऊ शकते.

अंकांचं तर आणखी सोपं आहे. जपमाळेत मणी एकशे आठ. दहा-दहा मण्यांवर दोरा बांधला, दहा दोरे झाले आणि वर आठ मणी उरले. शतक, दशक, एकक मला फळ्यावर समजावून सांगावं लागलं नाही, बायकांनी बोटांनी मोजलं. तिथ्या त्यांना पाठ असतातच. एकादशी अकरावी, द्वादशी बारावी, चतुर्दशी चौदावी. कॅलेंडरवर तिथी शोधता शोधता तारीख सापडली, तारखेवरून महिना, महिन्यावरून गॅसची टाकी किती दिवस पुरली तो हिशेब. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्याकडे हा सगळा ऐवज आधीच होता. फक्त कागदावर उतरवायचा राहिला होता.

दोन अडचणी सांगते. कमिटीच्या मंडळींना सांगितल्याशिवाय त्या कळणार नाहीत, कारण बाया तुमच्यापुढे बोलणार नाहीत.

पहिली डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. माझ्या वर्गातल्या तीन जणी 'आमच्या डोक्यात शिरत नाही' म्हणून सोडून गेल्या. खरं म्हणजे त्यांना अक्षर दिसतच नव्हतं. एकीला मी माझा चष्मा लावून पाहिला आणि ती थबकलीच. मग गावातल्या एका दुकानदाराने साधे वाचनाचे चष्मे आणून दिले आणि तिघीही परत आल्या. आपल्या मांडवात आपण रक्तदान शिबिर घेतो, तसंच डोळे तपासण्याचं शिबिर घ्या आणि ज्याला हवा त्याला चष्मा द्या. आणखी एक विनंती. सप्ताहात देणगीदाराच्या नावाने हरिपाठाची पुस्तिका वाटतात, ती तळहाताएवढी असते आणि अक्षर मुंगीएवढं. ज्यांना वाचता येतं त्यांनाही ती वाचवत नाही. तेवढ्याच खर्चात कमी प्रती छापा, पण टपोऱ्या अक्षरात छापा. देणगीदाराचं नाव मलपृष्ठावर घाला, तेही टपोरंच घाला.

दुसरी अडचण. पहिले दोन महिने वर्ग सभामंडपात होता. दर महिन्याला कित्येक जणींची चार-पाच दिवस गैरहजेरी लागायची. तरण्या सुना तर त्या दिवसांत मंदिराच्या बाजूलाही फिरकत नसत. कारण कुणी सांगत नव्हतं आणि मी बाईमाणूस असून मला ते उशिरा सुचलं. अक्षर ताजं असताना चार दिवसांचा खंड पडला की मागचं सगळं पुसलं जातं. त्यावर वाद घालत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता. माझं मत विचाराल तर बाईचा विटाळ मी मानत नाही. पण मला वर्ग चालवायचा होता. आम्ही तो महाप्रसादाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. तिथे कुणाला काही आडवं येत नाही. हजेरी भरली. विश्वस्तांनी जागा देताना एवढं ध्यानात घ्यावं. गाभारा नको, सभामंडप नको, शेड द्या, एक बल्ब द्या, एक पंखा द्या, पाण्याचा माठ द्या.

वर्ष सरता सरता वर्गात पोथीशिवाय इतर कागद यायला लागले. आशाताईंनी गोळ्यांच्या पुडीवर लिहिलेलं 'सकाळी १, रात्री १'. बँकेतून पैसे काढायची स्लिप. बचत गटाचं रजिस्टर, ज्यावर बायका आठ-आठ वर्षं अंगठा लावत होत्या आणि ज्यात काय लिहिलंय हे सचिवाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात आले की नाही, हे बघायला पोराच्या हातात मोबाइल द्यावा लागायचा. आता मेसेजमधला आकडा तरी स्वतः वाचतात. एक विधवा बाई होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. ट्रंकेत तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला सातबारा त्यांनी एक दिवस वर्गात आणला. म्हणाल्या, "ह्यात यांचं नाव कुठंय, ते मला बघायचंय." नवऱ्याचं नाव त्यांनी स्वतः शोधलं. कंस केलेलं होतं, म्हणजे कमी केलेलं. खाली दोन्ही मुलांची नावं होती. मग बोट हळूहळू खाली नेत गेल्या, शेवटपर्यंत. पुन्हा वरून खाली आल्या. मग विचारलं, "बाई, मी कुठाय?"

मुलांच्या मनात काही वाईट नव्हतं. नोंद करताना कुणाला आठवलंच नव्हतं, एवढंच. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेत वारस नोंदीचे अर्ज घेत होते, तेव्हा थोरल्या मुलानेच त्यांना तलाठ्याकडे नेलं. अर्जावर त्यांनी सही केली. सही वाकडी आली, पण सही आली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. काही ज्येष्ठ माळकऱ्यांनी मला तो तोंडावर विचारला आणि मी त्यांचा मान राखूनच उत्तर दिलं. "बाई, सप्ताह परमार्थासाठी असतो. सातबारा नि बँक हा प्रपंच. तो मांडवात कशाला?"

मी त्यांना ज्ञानेश्वरीची अगदी शेवटची ओवी आठवून द्यायला सांगितली. नऊ हजार ओव्यांचं पारायण जिथे पुरं होतं ती ओवी. शके बाराशे बारामध्ये ही टीका ज्ञानेश्वरांनी केली, आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले. म्हणजे माउलींनी सांगितली आणि बाबांनी लिहून घेतली. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा शेवट लिहिणाऱ्याच्या नावाने होतो. हातातली लेखणी परमार्थाच्या बाहेरची असती, तर ती तिथे आली असती का? नेवाशाला त्या दिवशी लिहिणारा हात नसता, तर सातशे वर्षांनी आपण काय वाचत बसलो असतो?

आणि गाडगे बाबा. कीर्तन म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे त्यांच्याइतकं उघडं करून कुणी दाखवलं? स्वतः शाळेची पायरी न चढलेला माणूस रात्र-रात्र लोकांना प्रश्न विचारत राहिला, की पोर शाळेत घातलं का? ताटवाटी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असं सांगत राहिला. दिवसा गाव झाडायचं, रात्री त्याच गावाच्या डोक्यातला केर काढायचा. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी बांधलेली जागा शिकणाऱ्या पोरांना. परमार्थ आणि प्रपंच यांची गाठ कशी घालायची, हे मला त्या एका दानात दिसतं.

इथे मला थोडं कडू बोलायला हवं. देवळात वर्ग म्हटलं, की गावातले काही लोक तिथे येणारच नाहीत, हे आपण खुल्या मनाने मान्य करू. पंढरपूरचं मंदिर सर्वांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. ती गोष्ट फार जुनी नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने ती पाहिली आहे. आमच्याही गावात वस्तीवरच्या बाया पहिल्या दिवशी आल्या नाहीत. मी दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावण्याऐवजी मीच तिकडे गेले. बुद्धविहारात वर्ग भरला. तिथल्या बायकांच्या तोंडात हरिपाठ नव्हता, वंदना होती, भीमगीतं होती. पद्धत तीच, ओळी त्यांच्या. शब्दांचे पत्ते तसेच लग्नपत्रिकांच्या मागे. शिकण्याचा वेग म्हणाल तर त्या पुढे होत्या, हेही सांगायला हवं. पुढच्या खेपेला मशिदीजवळच्या गल्लीतल्या दोघीजणी विचारत आल्या, की आमच्याकडे कधी? तिथे शिकवणारी एक मुलगी त्याच गल्लीतली मिळाली, बारावी झालेली, माझ्यापेक्षा तिने चांगलं केलं. सप्ताहाच्या कमिटीने मनावर घेतलं, तर या सगळ्या ठिकाणी पाटी-पेन्सिल आणि चष्मे पोचवणं काही अवघड नाही. मात्र अक्षर शिकवण्याच्या बदल्यात कुणाची श्रद्धा मागू नका आणि जिची जी आहे तिच्यात हात घालू नका. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी दारात कुणाची जात विचारली नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी मला आमच्या जुन्या गुरुजींकडून कळली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावंच्या गावं रात्री कंदील लावून शिकत होती. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. गुरुजी तेव्हा तरुण होते, ते दिवस सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पण मग ते गप्प व्हायचे. समारंभ झाला, पाहुणे गेले, आणि पुढे वाचायला काहीच नव्हतं. रोज न घासलेलं भांडं काळं पडतं तसं झालं. दोन-चार वर्षांत पुष्कळांचा पुन्हा अंगठा.

माझा सगळा भरवसा तुमच्यावर आहे तो याचसाठी. मोहिमेला शेवट असतो, एकादशीला नसतो. वर्षाला चोवीस एकादश्या येतात, कुणी परिपत्रक काढो न काढो. त्या दिवशी माणसं उपास करतात, देवळात येतात, निवांत असतात. दर एकादशीला हरिपाठाच्या आधी नव्याने वाचायला शिकलेल्या दोघांनी उभं राहून एकेक अभंग पुस्तकात बघून वाचावा. बस्स. आमच्याकडे हे तीन वर्षं चाललंय. ज्यांची वाचायची पाळी असते, त्या आठ दिवस आधीपासून घरी तयारी करतात आणि नातवंडं त्यांची उजळणी घेतात. विसरायला फुरसतच मिळत नाही.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. २०१६ च्या महिला दिनी सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत जातात, त्यांचे फोटो सगळीकडे आले. फोटो पाहून आपण कौतुक केलं आणि पान उलटलं. पण त्या शाळेचं मूळ कशात होतं? आज्यांना पोथी स्वतः वाचायची होती. आपल्याला वाचता आलं असतं तर, असं त्या म्हणाल्या आणि त्यातून ती शाळा उभी राहिली. अशी इच्छा असलेल्या आज्या तुमच्या-माझ्या गावात दर गुरुवारी मार्गशीर्षातली कहाणी ऐकायला शेजारच्या शिकलेल्या सुनेकडे जाऊन बसतात. तिला वेळ झाला तर कहाणी होते. नाही झाला, तर नुसतंच फूल वाहून घरी येतात.

कीर्तनकार महाराजांना वेगळी विनंती. तुमचा शब्द लोक झेलतात. माझं भाषण दहा माणसं ऐकतात, तुमच्या कीर्तनाला हजारोंचा समाज असतो. रात्री नऊ ते अकरामधली पाच मिनिटं या विषयाला द्या. आणि जमलं तर त्या दुपारच्या वर्गात येऊन एकदा बसा. एखाद्या आजीने पहिल्यांदा वाचलेली ओळ तुमच्या कीर्तनात येऊ द्या. तिचं नाव घेऊ नका, ती लाजेल, पण गावाला कळेल कोण ते.

पैशांचं मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण अडचण पैशांची नाहीच. पाट्या, पेन्सिली, खडू, चष्मे आणि टपोऱ्या अक्षरातली पुस्तकं, हे सगळं मिळून एका पंगतीच्या खर्चात बसतं. अन्नदानाला आपण नाही म्हणत नाही. पंगतीचे यजमान जसे आधीच नावं नोंदवतात, तसं अक्षरवर्गासाठी एका यजमानाचं नाव घ्या. शिकवायला माणसं मिळतील. निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत, बारावी झालेल्या सुना आहेत. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलात तर ते शिकणाऱ्यांची नावं 'उल्लास'मध्ये नोंदवतील, म्हणजे परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळेल.

मार्गशीर्ष जवळ आलाय. दत्तजयंतीच्या सप्ताहांच्या बैठका सुरू झाल्या आहेत आणि आठ-पंधरा दिवसांत पत्रिका छापायला जातील. काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर अशा वेळा ठरलेल्या असतात. त्यात 'दुपारी २ ते ३ अक्षरवर्ग' एवढी एक ओळ घाला. पत्रिका छापून झाली असेल, तर माईकवरून सांगा.

आमच्या आळीतल्या त्या वहिनी यंदा पुन्हा पारायणाला बसणार आहेत. परवा घरी आल्या होत्या. मोठ्या अक्षरातला ग्रंथ कुठे मिळेल विचारत होत्या. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, यंदा मी तुमच्या शेजारी बसणार नाही. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, "माझं वाचन सावकाश असतं. तुमच्यासाठी थांबायला नको, नि तुम्ही माझ्यासाठी."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि माळकरीण